गिऱ्हाइकाची भाषा

रखमाचा एक कायदा होता, आणि तो तिने कुणाला विचारून केलेला नव्हता. बाजारात बाजाराची भाषा, घरात घरची. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसली की ती हिंदी अशी बोलायची की समोरचा माणूस बिहारचा फिटर असो नाहीतर ओडिशाचा वेल्डर, त्याला वाटावं ही बाई आपल्याच मुलखातली. उंबरगाव-संजाणकडच्या बायका आल्या की गुजराती. कॉलनीतली एखादी मॅडम आली की शाळेतल्या बाईंसारखं मराठी, आहे-नाहीसकट. पण संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन ती घिवलीच्या अलीकडच्या मधल्या पाड्यात उतरली, की या सगळ्या भाषा चपलांबरोबर दाराबाहेर. घरात फक्त मांगेली, किनाऱ्यावरच्या मांगेल्यांची बोली. "हिंदी गिऱ्हाइकाशी बोलायची," ती म्हणायची. "घरातलं माणूस काय गिऱ्हाईक हाय?"

एकदा तिचा भाचा विनोद, मुंबईला सहा महिने नोकरी करून आलेला, दारात उभा राहून ऐटीत हिंदीत म्हणाला, मौसी, एक चाय पिलाओ. रखमाने मुकाट्याने चहा केला, कपबशी त्याच्या हातात दिली, आणि तो पिऊन होईस्तोवर समोर बसून राहिली. मग हात पुढे केला. दहा रुपये. विनोद हसला, पण ती हसली नाही. गिऱ्हाईक म्हणून आलास ना, मग दे. दहा रुपये घेतलेन्, कनवटीला लावलेन्, आणि मगच त्याला जेवायला थांब म्हणाली. हा किस्सा पाड्यात इतका गाजला की पोरं तिच्या घरात शिरताना एकमेकांना चिमटा काढून सांगायची, तोंड सांभाळ रे, म्हातारी पैसे मागंल.

आता तुम्ही म्हणाल, काय ही बाई, एका भाषेपायी एवढा हट्ट! पण हट्ट उगाच नव्हता. तिचं सगळं कामच त्या भाषेत होतं. पाड्याला लागून किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या दोन जागा, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. तिथे बांबूंच्या वलांड्या उभ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची, की वाऱ्यावर आपोआप वाळतात. कुठला वारा बोंबील कडक करतो, कुठला नासवतो, कुठल्या उधाणाला पाणी वलांडीच्या पायाशी येतं, या सगळ्याला मांगेलीत शब्द आहेत. मराठीत रखमाला ते सापडत नसत, आणि हिंदीत तर विचारायलाच नको. नवरा विश्राम गेला त्याला बारा वर्षं झाली. होडी विकली गेली. राहिल्या त्या उत्तरेकडे सहा वलांड्या, दक्षिणेकडे चार, आणि दक्षिणेच्या चारांना लागून कमळीच्या पाच. कमळी म्हणजे तिची पन्नास वर्षांची सोबतीण. एकाच वर्षी दोघी लग्न होऊन पाड्यात आल्या, एकाच वर्षी बाळंत झाल्या. कमळीला उत्तरेकडे एक बांबूसुद्धा नव्हता. तिचं जे काही होतं ते दक्षिणेलाच.

पण रखमाचा हा कायदा मोडला तो तिच्या पोटच्या पोरानेच. कमलेश पाचवीला हायस्कूलात गेला. पहिल्याच आठवड्यात बाईंनी काही विचारलं, आणि हा उभा राहून म्हणाला, बाई, आमी काल आलो नाय. वर्ग हसला तो हसलाच, पण बाईही हसल्या, आणि म्हणाल्या की हा वर्ग आहे, मासळीबाजार नाही. त्या दिवशी कमलेशने घरी येऊन जेवण टाकलं. पुढे तो मोठा झाला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लागला, सुपरवायझर झाला, शिरगावच्या दीपिकाशी लग्न करून बोईसरला फ्लॅटमध्ये राहायला गेला. पण तो हशा काही त्याच्या कानातून गेला नाही. हेतल दोन वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी तो आईसमोर मांडी घालून बसला. म्हणाला, आये, हिच्याशी आपल्यातलं बोलू नको. माझं जे झालं ते हिचं नको व्हायला.

रखमाला चपराक बसल्यासारखं झालं. पण पोराचे डोळे भरलेले बघून ती विरघळली, आणि तिने शब्द दिला. दिला म्हणजे पाळला. त्या दिवसापासून ती नातीशी मोडकंतोडकं शाळेचं मराठी बोलू लागली. ये बाळ, जेवण कर, पाणी पाहिजे आहे का. स्वतःच्या मांडीवरच्या पोरीशी कॉलनीतल्या मॅडमशी बोलावं तसं. आणि पोरगी उत्तर द्यायची हिंदीत, कारण बिल्डिंगीतली सगळी पोरं हिंदीच बोलायची. तिच्याकडून मात्र रखमाने कधी दहा रुपये मागितले नाहीत. नातीचा कायदाच वेगळा.

मग घरात एक चमत्कारिक रीत पडून गेली. हेतलशी बोलायचं ते मराठीत, आणि हेतलपासून लपवायचं ते मांगेलीत. दीपिकाचं दुसरं मूल पोटातच गेलं ते हिच्यासमोर बोललं गेलं. काका ललित कुणाच्या बायकोबरोबर सुरतेला पळाला, कसा परत आला, हेही. पोरगी काळीसावळी हाय, नाक बापाचं घेतलंय, पुढे कसं जमायचं, हेसुद्धा तिच्या डोक्यावरून सरळ बोललं जायचं. ती शेजारी शिंपले मांडत बसलेली असायची, मोठी झाल्यावर मोबाइलात डोकं घालून बसलेली. कुणी म्हणालं, अगं हळू, पोर ऐकंल, तर रखमाच म्हणायची, ऐकू दे, तिला कुठं कळतंय.

असं वीस वर्षं चाललं.

मग कंपनी आली. पाड्याच्या खाली जेटी बांधायची, मोठ्या बोटी लागणार, आणि जेटीपर्यंत जायला बारा मीटरचा रस्ता हवा. रस्ता जाणार दक्षिणेच्या वलांड्यांवरून. कंपनीचे मेहुल साहेब पहिल्या सभेला समाजमंदिरात आले, नमस्कार करून अदबीने बसले, आणि हिंदीत म्हणाले की कुणाचं नुकसान करायला आम्ही आलेलो नाही. त्यांच्या शेजारी कंपनीचा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, मांडीवर वही घेऊन बसलेली मुलगी वर बघून ओशाळं हसली. ती हेतल.

सभा बाजूला राहिली आणि बायकांचा एकच गलका झाला. अगं ही तर कमलेशची! केवढी झाली! कमळीने तर उठून तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कंपनीत आपली पोर हाय म्हणजे आता भिण्यासारखं काही नाही, असं सगळ्यांना वाटलं. रखमाची तर मान ताठ झाली. चार बायकांत नातीची नोकरी दिसणं म्हणजे काही कमी नाही.

सभेची रीत अशी पडली. साहेब हिंदीत बोलणार. हेतल ते मराठीत सांगणार. बायका आपापसात मांगेलीत काय ते ठरवणार, आणि सगळ्यांच्या वतीने रखमा उत्तर देणार, कारण तिला सगळ्या भाषा येत होत्या. मधली मसलत उघड्यावर, साहेबांच्या तोंडासमोर चालायची. त्यात चोरी कसली? साहेबांना कळत नव्हतं, आणि हेतलला कळत नाही हे तर सगळा पाडा जाणून होता. वर्षानुवर्षं हीच भाषा त्यांचा आडोसा होती. दलाल आला, पोलीस आला, साहेब आला, कुणाहीसमोर त्या आपलं बोलून घ्यायच्या आणि मग चेहरा सरळ करून मराठीत उत्तर द्यायच्या.

दुसऱ्या सभेत साहेबांनी विचारलं, दक्षिणेची जागा खरोखर किती वापरात असते? बायकांची डोकी एकत्र आली. खरं असं होतं की तीन वर्षं बोंबील कमीच येत होता, आणि दक्षिणेच्या चाळीस वलांड्यांतल्या दहासुद्धा भरत नव्हत्या. कमळीच्या पाचांतली एकच भरायची. पण म्हणून जागा सोडायची? समुद्र तीन वर्षं उपाशी ठेवतो आणि चौथ्या वर्षी इतकं देतो की वाळत घालायला जागा पुरत नाही. हे त्यांनी सासवांच्या हयातीत पाहिलेलं. आणि एकदा रस्ता झाला की तो उखडून कुणी बांबू रोवू देत नसतं. हे साहेबाला हिंदीत कसं सांगायचं, त्याला काय पटणार? कमळी घाबरून म्हणाली, पुढल्या शुक्रवारी बघायला येतो म्हणतोय, रिकाम्या दिसल्या तर संपलंच की गं.

तेव्हा रखमा बोलली. बोलली कसली, नेहमीच्या फटकळपणाने तिने फटकन् बोलून टाकलं, "शुक्रवारी सगळ्या वलांड्या भरायच्या. बोंबील नाय पुरलं तर जुनी लुगडी टांगा. त्या सायबाला लांबून बोंबील काय नि लुगडं काय."

बायका खदखदून हसल्या. आणि त्या हशात रखमाची नजर सहज हेतलवर गेली. हेतल मान खाली घालून वहीत काही लिहीत होती, पण तिचा खालचा ओठ दाताखाली होता आणि नाकपुड्या थरथरत होत्या. हसू दाबत होती पोर! बायका हसल्या म्हणून नव्हे. बायका हसायच्या आधी.

हिला कळतं.

तिने साहेबांना मराठीत काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते तिलाच पुढे आठवेना. सभा सुटली, घरी आली, चूल पेटवली, आणि चुलीसमोर बसून एकटीच हसत सुटली. वीस वर्षं! वीस वर्षं तिने पोरीला एक शब्द शिकवला नव्हता, बापाने मनाई केली होती, शाळेने केली होती, अख्ख्या बोईसरने केली होती, आणि पोरीने ते सगळं कानांनी वेचून पोटात ठेवलं होतं. आपल्यामागे ही भाषा बोलायला घरात कुणी उरणार नाही, ही रखमाची रात्रंदिवसाची बोच. कुणाला सांगितली नव्हती, पण होती. ती बोच त्या दिवशी निघाली. विश्रामच्या फोटोपुढे दिवा लावताना ती त्याला म्हणाली, बघितलंस, वाया नाय गेलं आपलं.

दुसऱ्या दिवशी नळावर कमळीने सहजच विचारलं. म्हणाली, अगं, ती पोर तुझ्या घरातली, तिला आपलं बोलणं कळत तर नसेल ना? काल मला उगाच वाटलं.

इथे रखमा चुकली. आणि चूक अशी की ती दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. खरं सांगितलं असतं तर बायका हेतलसमोर गप्प झाल्या असत्या, मराठीत बोलल्या असत्या, आणि पोरीच्या कानावर दोन घटका पडणारी ती भाषाही बंद झाली असती. रखमाला ते नको होतं. शिवाय हे गुपित तिला पोरीच्या तोंडून फुटायला हवं होतं. नारळी पुनवेला पोर घरी येईल, आजीच्या गळ्यात पडेल, आणि आपल्यात काहीतरी बोलेल, असे मनातले मांडे ती खात होती. ती कमळीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाय बाय, तिला कुठं कळतंय."

पन्नास वर्षांत ती कमळीशी पहिल्यांदा खोटं बोलली.

मग त्या आठवड्यात आणखी एक सभा झाली, आणि त्या सभेत रखमाला वेडच लागलं म्हणा. साहेब काय विचारतात याच्याशी तिला देणंघेणं उरलं नाही. कोंबडीला दाणे टाकावेत तशी ती नातीपुढे शब्द टाकत होती. आईच्या तोंडचे जुने शब्द, वाऱ्यांची नावं, उधाणाची नावं, विश्रामच्या बापाच्या शिव्या. आणि तिरप्या डोळ्याने बघत होती, पोर कुठला टिपते. बोलायचं निमित्त हवं म्हणून शुक्रवारचा बेतही पुन्हा पुन्हा बोलून घेतला. कुणाच्या माहेराहून किती बोंबील आणायचे, किती वाजता टांगायचे, उरलेल्या बांबूंवर कुणाकुणाची लुगडी. हेतलची पेन्सिल चालू होती. रखमाला वाटलं, शब्द लिहून घेते आहे.

कंपनीची गाडी शुक्रवारी आलीच नाही. ती तीन दिवस आधीच, मंगळवारी आली, सकाळी नऊला, बायका बाजाराला गेल्यावर. दोन माणसं उतरली, एकाने पंखे फिरणारा कॅमेरा आकाशात उडवला, आणि पंधरा मिनिटांत निघून गेली. रखमा तेव्हा बोईसरला पाटी मांडत होती. विनोदने फोन करून सांगितलं. तिने विचारलं, गाडीत हेतल होती का? नव्हती म्हणाला. रखमाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे बघा, वलांड्यांचं काय झालं हे तिने नंतर विचारलं.

तीन आठवड्यांनी कोळगावला मोठ्या कचेरीत सुनावणी लागली. दहा बायका दोन टमटम करून गेल्या. तिथलं मराठी कमळीच्या डोक्यावरून जाणारं. सदर, उपरोक्त, नियोजित. तिने रखमाच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं आणि रखमा अधूनमधून तिला आपल्यात सांगत होती. समोरच्या भिंतीवर फोटो दाखवले. दक्षिणेची जागा वरून, उन्हात, बांबूंची नुसती सावली पडलेली. एका बांबूवर सहा बोंबील होते, तो कमळीचा. मग कंपनीच्या माणसाने अहवाल वाचायला घेतला. जागा गेली तीन वर्षे बहुतांशी वापराविना. इथवर ठीक, तो फोटोचाच अर्थ. आणि मग पुढचं वाक्य आलं. पाहणीच्या दिवशी मासळी कमी पडल्यास बांबूंवर जुनी लुगडी टांगून जागा वापरात असल्याचे भासवण्याचे स्थानिक महिलांनी ठरवले होते, सबब पाहणी पूर्वसूचनेविना करण्यात आली.

कमळीला सदर कळलं नाही, सबब कळलं नाही. लुगडी कळलं.

पदराचं टोक सुटल्यासारखं रखमाला वाटलं. सुटलं नव्हतं, कमळीने सोडलं होतं. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, हे खरं आहे का, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? दहाच्या दहा बायका खाली बघत होत्या. चार भाषा येणाऱ्या रखमाला त्या घटकेला एकीतही तोंड उघडता आलं नाही.

बाहेर चहाच्या टपरीपाशी मेहुल साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता. बाकीच्या बायका त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, म्हणून तो रखमापाशीच आला आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, आपली नात फार हुशार आहे, मावशी. अर्ज तर शंभर आले होते. पण भाषांच्या रकान्यात सगळ्यांनी तीन लिहिल्या होत्या, हिंदी, इंग्रजी, मराठी. तिने चौथी लिहिली. "उसी चौथी पे तो हमने लिया उसको," तो हसून म्हणाला.

रखमाने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. रेशनकार्ड झालं, मतदार यादी झाली, पोराच्या शाळेचा दाखला झाला, उभ्या जन्मात कुठल्या कागदावर कुणी तिच्या भाषेचं नाव लिहिलं नव्हतं, कारण कुणाला ती नकोच होती. पहिल्यांदा एका कागदाला ती हवी झाली होती, आणि पोरीने ती तिथे लिहिली होती. सभेच्या आधी. पहिल्या सभेत ओशाळं हसली, त्याच्याही आधी. म्हणजे हसू दाबून वहीत जे लिहीत होती ते काय होतं, हे आता आंधळ्यालाही दिसावं. रखमा मेली ती तिथे मेली असं ती स्वतःच पुढे म्हणायची.

पाड्याच्या वळणावर सगळ्या टमटममधून उतरल्या, पांगल्या. कमळी मात्र थांबली.

"तुला ठाऊक होतं?"

रखमाला अजूनही खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "होतं," म्हणाली.

कमळी म्हणाली, "कुराडीचा दांडा गोतास काळ, असं माझी सासू म्हणायची. मला वाटलं, दांडा म्हणजे ती पोर. दांडा तू हायस, रखमा." आणि चालायला लागली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, रखमा कुणाला चावणार? त्या रविवारी ती बोईसरला कमलेशच्या घरी गेली. हेतल कामावर होती. कमलेशला सगळं कळलं होतं, आणि तो चक्क खूश होता. खूश म्हणजे आईसमोर दाखवत नव्हता, पण पोरीला बढती मिळाल्याचं सांगताना त्याचा आवाज बदलला. म्हणाला, आये, मला कधी वाटलं नव्हतं की आपल्या भाषेचा पण कुठे उपयोग होईल. रखमा दीपिकाने दिलेलं पाणी न पिता उठली. ज्या भाषेवरून हसले म्हणून पोराने ती टाकली, तीच विकली गेल्यावर त्याला तिचा अभिमान वाटला होता. हा घाव तिला नातीच्या घावापेक्षा खोल गेला.

दक्षिणेचे बांबू दिवाळीआधी उपटले. रखमाने आपल्या उत्तरेच्या सहांतल्या तीन वलांड्या कमळीला देऊ केल्या, विनोदच्या हाती निरोप पाठवला, मग स्वतः गेली. कमळी दारातून उठली आणि आत गेली. आता ती सकाळच्या बसने बोईसरला जाते, एका बिल्डिंगीत चार घरची भांडी करते, आणि दिवसभर हिंदीत बोलते, जी तिला धड येत नाही. पाड्यात आल्यावर ती कुणाशी फारसं बोलतच नाही. रखमाशी तर नाहीच. वाऱ्यांची नावं घेऊन जिच्याशी बोलावं असं माणूस रखमाला आता पाड्यात उरलेलं नाही, आणि त्या वर्षी बोंबील आला. इतका आला की उत्तरेची जागा पुरेना.

पौषातल्या एका दुपारी बाजार ऐन भरात असताना गिऱ्हाइकांच्या मागे हेतल उभी दिसली. कंपनीचा शर्ट नव्हता, साधा पंजाबी ड्रेस होता. दोन गिऱ्हाइकं गेली, तिसरं गेलं, तशी ती पुढे आली आणि पाटीसमोर उकिडवी बसली. रखमा बोंबलांच्या जुड्या नीट करत राहिली.

आणि हेतल बोलली. मांगेलीत.

"आजी, मी तुझ्यावर डूख धरून नाय केलं. कामावर हाय मी, विचारलं ते लिवलं. खोटं तर तुमी बोलत होता." मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाली, "वीस वरसं तुमी माझ्यासमोर बोललात. माझ्याशी कुणी बोललं नाय. माझं नाक, माझा रंग, आईचं मूल, सगळं मी ऐकलं. मना वाटायचं, एक दिवस आजी माझ्याकडं वळंल नि आपल्यात काय तरी विचारंल. तू नाय विचारलंस. आता तरी बोल माझ्याशी."

रखमाचे हात थांबले. एक शब्द वाकडा नव्हता. हेल असा की डोळे मिटून ऐकलं तर रखमाची आईच समोर बसली आहे. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित ओढायची सवयसुद्धा तीच, माहेरची, जी कमलेशच्या तोंडीही कधी बसली नव्हती. जिच्यासाठी ती चुलीपुढे एकटी हसली होती, विश्रामपुढे दिवा लावला होता, पन्नास वर्षांच्या सोबतिणीशी खोटं बोलली होती, ती घटका आली होती. आणि पोर म्हणत होती त्यात खोटंही काही नव्हतं, हे रखमाला कळत होतं. तिच्या छातीत असं भरून आलं की हात पुढे करून पोरीला जवळ ओढावं. त्याच क्षणी तिला समोरच्या भिंतीवरचा तो फोटो दिसला, रिकाम्या बांबूंची सावली आणि एकावर कमळीचे सहा बोंबील.

तिने मान वर केली. डोळे कोरडे होते. मागे दोन बायका खोळंबल्या होत्या, त्यांना तिने हाताने थांबायची खूण केली, तराजू उचलला, आणि नातीकडे बघून स्वच्छ हिंदीत, बाजारातल्या तिच्या नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, "बोलो मॅडम, कितना दूँ?"